एका पार्टमधले कस्टम पॅरामीटर दुसऱ्या पार्टमध्ये कसे न्यायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला आम्ही यंत्रमागाच्या सुट्या भागांची थ्री-डी मॉडेलं आणि ड्रॉइंगं करतो. रोलर, ब्रॅकेट, बुश, गिअर, बीमचे फ्लँज अशी कामं असतात. आजूबाजूच्या वर्कशॉपमधले लोक आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलं आमच्याकडे शंका घेऊन येतात. सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच: "एका पार्टमध्ये मेहनतीने भरलेले पॅरामीटर दुसऱ्यात परत टाइप करायचे का?" (पार्ट म्हणजे एका सुट्या भागाच्या मॉडेलची फाइल, पॅरामीटर म्हणजे त्यातली नाव दिलेली मापं आणि आकडे.) नाही, करायचे नाहीत. पण कॉपी करण्याआधी दोन-तीन गोष्टी नीट समजल्या नाहीत तर टाइप केलेलंच बरं होतं असं वाटायची वेळ येते. आम्ही रोज इन्व्हेंटर हे थ्री-डी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर वापरतो, म्हणून त्याबद्दल जास्त लिहिलं आहे. सॉलिडवर्क्स, क्रिओ आणि फ्रीकॅड या तशाच सॉफ्टवेअरबद्दल पुढे वेगळं आहे.

कस्टम पॅरामीटर म्हणजे काय? प्रत्येक मापाला सॉफ्टवेअर आपोआप नाव देतंच ना?

देतं. स्केचमध्ये, म्हणजे मॉडेलच्या सपाट आराखड्यात, माप टाकलं की इन्व्हेंटर त्याला डी०, डी१, डी२ असं नाव देतो. ते मॉडेल पॅरामीटर. ते त्या पार्टच्या त्या मापाशी बांधलेले असतात आणि दुसऱ्या पार्टमध्ये त्यांना काही अर्थ नसतो. इथे डी७ म्हणजे भोकाचा व्यास असेल, तर तिथे डी७ म्हणजे चाम्फर, म्हणजे कडेची तिरपी कापणी, असू शकतो.

कस्टम पॅरामीटर, म्हणजेच यूजर पॅरामीटर, आपण स्वतः तयार करतो: शाफ्टव्यास, क्लिअरन्स (दोन भागांमधली मोकळी फट), फणीरुंदी (मागाच्या फणीची रुंदी), गिअरदात. तो कुठल्याही एका मापाचा नसतो, पण हवी तेवढी मापं त्याच्यावर चालवता येतात. एका पार्टमधून दुसऱ्यात नेण्यासारखा असतो तो हाच.

नाव देताना मध्ये जागा सोडता येत नाही, अधिक-वजा-भागिलेची चिन्हं चालत नाहीत, आणि लहान-मोठी लिपी वेगळी धरली जाते. एका फाइलीत मोठ्या अक्षराने सुरू होणारं नाव आणि दुसरीत तेच लहान अक्षराने, असं झालं की ते दोन वेगळे पॅरामीटर ठरतात. ऑफिसात तीन जण काम करत असतील तर नाव कसं लिहायचं हे एकदा बसून ठरवा. पाय (π) आणि ई ही नावं गणिती स्थिरांकांसाठी राखीव आहेत, ती वापरू नका.

कॉपी करू की लिंक?

आधी याचं उत्तर द्या, मग माउसला हात लावा.

टेरी टॉवेलच्या मागावर ताण्याचे दोन बीम, म्हणजे उभा धागा गुंडाळलेले रूळ, असतात. एक जमिनीच्या धाग्याचा, दुसरा लूप उठवणाऱ्या पाइलचा. समजा दोन्ही बीमच्या ब्रॅकेटमध्ये एकाच मापाचा शाफ्ट बसतो आणि उद्या शाफ्ट बदलला तर दोन्ही ब्रॅकेट बदलायलाच हवेत. इथे लिंक करा. एका जागी बदल केला की दोन्हीकडे पोचतो. पण जुन्या ब्रॅकेटवरून दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी नवा ब्रॅकेट काढायचा आहे आणि आकडे फक्त सुरुवातीपुरते हवेत, तर कॉपी करा. तिथे लिंक ठेवलीत तर पुढच्या वर्षी पहिल्या गिऱ्हाइकाचं माप बदलताना दुसऱ्याचं मॉडेलही हलेल, आणि ते कुणाच्या लक्षातही येणार नाही.

जकार्डवर, म्हणजे पंच केलेल्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर, काम केलेल्यांना हे पटकन कळतं. एका मागाच्या कार्डांवरून दुसऱ्या मागासाठी दुसरा संच पंच करून घेतला की ती कॉपी. मूळ संचातलं एखादं कार्ड नंतर बदललं तरी दुसऱ्या मागावरची नक्षी जुनीच राहते. आणि दुसऱ्या जकार्डचे हुक कमी-जास्त असतील तर तो संच बसतच नाही. पॅरामीटरचंही तसंच आहे. घेणाऱ्या पार्टची रचना वेगळी असेल तर आकडे पोचतात, बसत नाहीत.

इन्व्हेंटरमध्ये कॉपी करायचा सरळ रस्ता कोणता?

एक्सएमएल, म्हणजे माहिती साठवायची एक मजकुराची फाइल. मूळ पार्ट उघडा, मॅनेज टॅबवर पॅरामीटर्स उघडा, खालच्या बाजूला एक्सपोर्ट टू एक्सएमएल आहे. सगळे पाठवायचे नसतील तर हव्या त्या ओळींवर 'की'च्या रकान्यात खूण करा आणि एक्सपोर्ट करताना फक्त की पॅरामीटर निवडा. मग दुसरा पार्ट उघडा आणि त्याच खिडकीतून इम्पोर्ट फ्रॉम एक्सएमएल करा. नाव, किंमत (म्हणजे पॅरामीटरचा आकडा) किंवा सूत्र, एकक आणि टिप्पणी असं सगळं एकत्र जातं. एककासकट जातं, म्हणून मला हाच रस्ता सगळ्यात भरवशाचा वाटतो.

त्याच नावाचे पॅरामीटर नव्या पार्टमध्ये आधीच असतील तर?

त्यांच्या किमती बदलून नव्या होतात. म्हणून इम्पोर्ट करण्याआधी फाइलची एक प्रत बाजूला ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

एक्सेलमधून आणले तर सोपं नाही का?

सोपं आहे, आणि यादी मोठी असेल तर मीही तेच करतो. पॅरामीटरच्या खिडकीतलं लिंक हे बटण दाबून एक्सेल फाइल निवडायची, कुठल्या सेलपासून वाचायचं ते सांगायचं. रकान्यांचा क्रम ठरलेला आहे: पहिला नाव, दुसरा किंमत किंवा सूत्र, तिसरा एकक, चौथा टिप्पणी. वर मथळे लिहिले असतील तर सुरुवातीचा सेल मथळ्यांच्या खालचा द्या. मध्ये रिकामी ओळ ठेवू नका. फाइल लिंक ठेवता येते किंवा पार्टच्या आतच एम्बेड करता येते.

तिसऱ्या रकान्याबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं. तो रिकामा सोडला तर इन्व्हेंटर त्या पार्टचं नेहमीचं एकक धरतो. आपल्याकडच्या फायलींत ते बहुतेक वेळा मिलिमीटर. आणि इथेच सोलापूरची एक अडचण आहे. मागाच्या धंद्यात माणसं इंचात बोलतात. फणीची रुंदी इंचात, पिक (आडवे धागे) इंचामागे किती ते. जुने फिटर क्लिअरन्सही इंचातच सांगतात. ड्रॉइंग मात्र मिलिमीटरमध्ये.

माझ्या हातून झालेली गोष्ट सांगतो. रोलरच्या टोकाला शाफ्टवर बसणाऱ्या बुशचं, म्हणजे पोकळ नळीसारख्या भागाचं, काम होतं. शाफ्ट ३० मिमी. क्लिअरन्स ०.०१ इंच, म्हणजे ०.२५४ मिमी. बुशचं भोक = शाफ्ट + क्लिअरन्स, असं सूत्र. जुन्या पार्टमध्ये क्लिअरन्सचं एकक इंच होतं आणि भोक बरोबर ३०.२५४ येत होतं. नवा पार्ट करताना मी यादी एक्सेलमध्ये उतरवली, एककाचा रकाना भरला नाही. ०.०१ इंचाचं ०.०१ मिमी झालं आणि भोक ३०.०१. पडद्यावर दोन्ही बुश अगदी सारखे दिसतात, डोळ्याला फरक कळत नाही. ड्रॉइंग छापून गेलं.

तिसऱ्या दिवशी लेथवरचे मामा एक बुश आणि शाफ्टचा तुकडा घेऊन ऑफिसात आले. काही न बोलता टेबलावर ठेवले. मी बुश शाफ्टवर सरकवायला गेलो, तर अर्ध्या इंचावर अडकला. मामा म्हणाले, "सोळाच्या सोळा असेच हायत बघा. कागदावर जे होतं तेच केलंय." खरंच, कागदावर ३०.०१ होतं. भोक लहान होतं म्हणून पुन्हा बोअरिंग करून सगळे बुश वाचले. मोठं पडलं असतं तर सोळाही भंगारात गेले असते. तेव्हापासून आमच्या एक्सेलमध्ये एककाचा रकाना रिकामा असेल तर सेल लाल होतो, आणि लाल सेल असलेली यादी कुणी लिंक करत नाही.

दातांची संख्या, मागांची संख्या यांना एकक काय द्यायचं?

यूएल, म्हणजे एककाविना. हे चुकलं तर निदान लगेच दिसतं. गिअरचा पिच सर्कल व्यास = मॉड्यूल × दात. मॉड्यूल, म्हणजे दाताच्या आकाराचं माप, मिमीमध्ये आहे. दातांनाही चुकून मिमी लावलं तर गुणाकार चौरस मिमी होतो, व्यासाला ते चालत नाही आणि सूत्र लाल होतं. लाल झालं की सूत्रात खोट शोधत बसू नका, आधी एकक बघा.

सूत्रं पण जातात का, की फक्त आकडे?

सूत्रं जातात. अडचण आकड्यांची नसते, सूत्रांचीच असते. मूळ पार्टमध्ये कुणीतरी रोलरलांबी = डी१२ + ४० असं लिहिलेलं असतं. नव्या पार्टमध्ये डी१२ नसतो, किंवा असतो आणि तो भलत्याच मापाचा असतो. नसेल तर चूक दिसते. असेल तर सूत्र गुपचूप चालतं आणि चुकीचं उत्तर देतं. दुसरा प्रकार जास्त वाईट.

म्हणून आमच्याकडे एक नियम आहे आणि तो मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगतो: यूजर पॅरामीटरच्या सूत्रात फक्त यूजर पॅरामीटर येतील. स्केचच्या मापाने यूजर पॅरामीटरकडे बघायचं, उलट नाही. पाणी टाकीतून नळाकडे येतं, नळातून टाकीत जात नाही. हा नियम पाळला तर यादी कुठल्याही पार्टमध्ये उचलून नेता येते, कारण तिचं मूळ पार्टशी काही अडकलेलंच नसतं. जुन्या फाइलीत हा नियम मोडलेला असेल तर कॉपी करण्याआधी डी१२ ला योग्य नावाचा यूजर पॅरामीटर करून घ्या. अर्धा तास जातो. तो अर्धा तास द्या.

लिंक करायची असेल तर इन्व्हेंटरमध्ये कसं?

त्याच लिंक बटणाने एक्सेलऐवजी मूळ पार्टची फाइल निवडायची आणि कुठले पॅरामीटर हवेत त्यांवर खूण करायची. ते नव्या पार्टमध्ये वेगळ्या गटात दिसतात आणि तिथे बदलता येत नाहीत. बदल मूळ फाइलीतच करायचा.

दोन ब्रॅकेट एकमेकांना लिंक करण्यापेक्षा मी तिसरा पार्ट करतो. त्यात आकार काहीच नसतो, फक्त पॅरामीटर असतात. आम्ही त्याला 'पाटी' म्हणतो. शाफ्ट, फणीरुंदी, क्लिअरन्स सगळं पाटीवर, आणि बाकीचे पार्ट पाटीवरून वाचतात. कोण कुणावरून वाचतं हा घोळ त्याने उरत नाही.

आणखी एक: वर्कशॉपला किंवा गिऱ्हाइकाला पार्ट मेल करताना पाटीची फाइल सोबत गेली नाही तर त्यांच्याकडे लिंक तुटलेली दिसते आणि सॉफ्टवेअर फाइल शोधायला सांगतं. दोन्ही फायली सोबत पाठवा.

सॉलिडवर्क्समध्ये काय करायचं?

तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. ग्लोबल व्हेरिएबल मापं चालवतात, ते टूल्स मेनूतल्या इक्वेशन्समध्ये असतात. कस्टम प्रॉपर्टी, म्हणजे मटेरियल, पार्ट नंबर, कुणी काढलं वगैरे, फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये असतात आणि ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकला (कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीला) व बिल ऑफ मटेरियलला (भागांच्या यादीला) लागतात. तुम्हाला नेमकं कोणतं न्यायचंय ते आधी ठरवा.

ग्लोबल व्हेरिएबल न्यायला इक्वेशन्सच्या खिडकीतून एक्सपोर्ट करा. साधी टेक्स्ट फाइल तयार होते, ती नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. एका ओळीत अवतरणचिन्हांत नाव, बरोबरचं चिन्ह आणि किंमत. दुसऱ्या पार्टमध्ये इम्पोर्ट करा. लिंक टू फाइल ही खूण ठेवली तर तो पार्ट त्या टेक्स्ट फाइलवरून वाचत राहतो, काढली तर नुसती कॉपी होते. एक्सपोर्ट करताना स्केचच्या मापांची समीकरणं सोबत घेऊ नका, दुसऱ्या पार्टमध्ये ती स्केचं नसतात आणि चुका दिसू लागतात. आणि एकक आकड्याला चिकटवूनच लिहा.

कस्टम प्रॉपर्टीसाठी पार्ट टेम्प्लेटमध्येच रिकामे रकाने करून ठेवणं मला बरं वाटतं.

क्रिओ?

क्रिओत पॅरामीटरला प्रकार असतो: पूर्णांक, दशांश, मजकूर, हो-नाही. सगळ्यात जुनी आणि अजूनही चालणारी युक्ती म्हणजे रिलेशन्स, म्हणजे मॉडेलसोबत लिहायची सूत्रं. रिलेशन्समध्ये नाव = किंमत अशा ओळी लिहिल्या की तो पॅरामीटर नसेल तर आपोआप तयार होतो. त्या ओळी टेक्स्ट फाइलीत एक्सपोर्ट करून दुसऱ्या पार्टच्या रिलेशन्समध्ये इम्पोर्ट करता येतात.

फक्त एवढं लक्षात ठेवा की रिलेशनने तयार झालेला पॅरामीटर रिलेशनच चालवतो, पॅरामीटरच्या तक्त्यात जाऊन बदलता येत नाही. मोकळा हवा असेल तर मॉडेल रीजनरेट (नव्या आकड्यांनी अपडेट) करून घ्या आणि मग ती ओळ पुसा. ओळ जाते, पॅरामीटर राहतो. मजकुराची किंमत अवतरणचिन्हांत लिहायला विसरू नका.

माझ्याकडे परवान्याचे पैसे नाहीत, फ्रीकॅड वापरतो. त्यात होतं का?

होतं, आणि चांगलं होतं. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक सेलला एलियास, म्हणजे टोपणनाव द्या आणि स्केचमध्ये स्प्रेडशीटचं नाव, टिंब, एलियास असं वापरा. दुसऱ्या फाइलीत न्यायचं असेल तर मॉडेलच्या झाडातली अख्खी स्प्रेडशीट कॉपी करून दुसऱ्या डॉक्युमेंटमध्ये पेस्ट करा. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकुराची फाइल, करून नेऊ नका. त्यातून सेलमधला मजकूर जातो, एलियास जात नाहीत, आणि सगळी नावं पुन्हा द्यावी लागतात.

एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीतली किंमत थेट वाचताही येते, पण त्यासाठी दोन्ही फायली आधी सेव्ह केलेल्या हव्यात. २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीपासून व्हेरिएबल सेट नावाची सोयही आहे. थोडे पॅरामीटर असतील तर ती स्प्रेडशीटपेक्षा सुटसुटीत पडते. सूत्रांची मांडणी डोळ्यासमोर लागत असेल तर स्प्रेडशीटच बरी.

इन्व्हेंटरमध्ये पॅरामीटर आला, पण ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये दिसत नाही. का?

पॅरामीटरच्या ओळीत एक्सपोर्ट नावाचा रकाना आहे. तिथे खूण केली की त्याच नावाची कस्टम आयप्रॉपर्टी (इन्व्हेंटरमधली फाइलची प्रॉपर्टी) तयार होते आणि टायटल ब्लॉक तिथून वाचतो. एक्सएमएलच्या एक्सपोर्टशी या खुणेचा संबंध नाही, नाव सारखं असल्यामुळे गोंधळ होतो.

माझ्याकडे पन्नास पार्ट आहेत. एकेक उघडून इम्पोर्ट करू?

नको. आयलॉजिकचा (इन्व्हेंटरमधल्या प्रोग्रामिंगच्या सोयीचा) नियम किंवा छोटा मॅक्रो लिहून घ्या. कॉलेजमधल्या एखाद्या होतकरू मुलाला दोन दिवसांचं काम आहे, आणि त्यालाही शिकायला मिळतं. पण त्याला एक गोष्ट ठासून सांगा. इन्व्हेंटर आतून लांबी सेंटिमीटरमध्ये आणि कोन रेडियनमध्ये ठेवतो. मॅक्रोने पॅरामीटरची 'व्हॅल्यू' वाचली तर ३० मिमीच्या शाफ्टसाठी ३ मिळतात. तो ३ नव्या पार्टमध्ये मिमी समजून लिहिला की शाफ्ट दहापट बारीक. व्हॅल्यू वाचूच नका, 'एक्स्प्रेशन' वाचा आणि तेच दुसरीकडे लिहा. त्यात आकडा, एकक आणि सूत्र जसंच्या तसं असतं. आधी पाच पार्टच्या प्रतींवर चालवून बघा.

गिऱ्हाइकाकडे जुनी आवृत्ती आहे, आमची पार्ट फाइल उघडत नाही. निदान पॅरामीटर तरी देता येतील?

देता येतील. नव्या आवृत्तीत सेव्ह केलेला पार्ट जुन्यात उघडत नाही, पण एक्सेलची यादी कुणालाही वाचता येते. अर्थात आकार त्यांना त्यांच्याकडे काढावा लागेल.

प्रत्येक नव्या पार्टला लागणारे पॅरामीटर टेम्प्लेटमध्येच टाकून ठेवू का?

हो, पण मोजकेच. आम्ही एकेकाळी चाळीस पॅरामीटरचं टेम्प्लेट केलं होतं. साध्या वॉशरच्या फाइलीतही फणीरुंदी आणि गिअरदात दिसायचे, आणि यातलं खरं कुठलं वापरलंय हे कुणाला कळायचं नाही. आता टेम्प्लेटमध्ये सहाच आहेत.

सगळं आलं. बरोबर आलं हे कसं तपासायचं?

सगळ्यात आधी हे समजून घ्या की इम्पोर्ट झाल्याने आकार बदलत नाही. पॅरामीटर यादीत येऊन बसतो, तुमच्या स्केचच्या मापाला आपोआप जोडला जात नाही. भोकाचं माप उघडून तिथे आकड्याच्या जागी पॅरामीटरचं नाव लिहावं लागतं. यादीत कन्झ्यूम्ड बाय हा रकाना बघा. तो रिकामा असेल तर तो पॅरामीटर कुणीही वापरत नाही.

मग प्रत्येक महत्त्वाच्या पॅरामीटरला मुद्दाम भलतीच किंमत द्या. शाफ्टव्यास ३० चा ६० करा आणि अपडेट करा. भोक डोळ्यादेखत मोठं झालं पाहिजे. नाही झालं तर कुठेतरी माप हाताने टाइप केलेलं राहिलंय. क्लिअरन्ससारख्या बारीक आकड्यालाही हेच करा, ५ मिमी देऊन बघा. ०.०१ आणि ०.२५४ मधला फरक पडद्यावर दिसत नाही, ५ दिसतो. शेवटी खऱ्या किमती परत भरा, अपडेट करा आणि मूळ पार्टची व नव्या पार्टची यादी शेजारी-शेजारी ठेवून एककाचा रकाना वरपासून खालपर्यंत बोट ठेवून वाचा. मगच ड्रॉइंग लेथवर पाठवा.